गुपिताची किल्ली कोणाच्या कमरेला?

मानखुर्द स्थानकात उतरून शीव-पनवेल रस्त्याकडे चालू लागले की या उपनगराचे खरे रूप दिसते. एका अंगाला झोपड्यांची दाटी आणि दुसऱ्या अंगाला सरकारी कुंपणे. त्या कुंपणांपैकी एकामागे नौदलाची ‘आयएनएस तानाजी’ ही आस्थापना आहे. अशा आस्थापनांत काय चालते हे बाहेरच्याने विचारू नये, त्यांचे छायाचित्र काढू नये, अशी रीत आहे. आणि आसपासच्या कष्टकऱ्यांनी ती वर्षानुवर्षे मुकाट्याने पाळली आहे. निवडणुका आल्या की मात्र आपल्या शहरांतल्या फलकांवर उमेदवाराच्या हसऱ्या चेहऱ्यामागे तोंडाला काळे फडके बांधलेला, बंदूक रोखलेला कमांडो उभा राहतो. भिंतीच्या आत डोकावणे गुन्हा ठरते आणि भिंतीबाहेर त्याच भिंतीआडच्या माणसाच्या नावावर मते मागितली जातात. या विसंगतीचा विचार आपल्या कार्यकर्त्यांनी करायला हवा. कारण ‘सैन्याचे पराक्रम सांगावेत की झाकावेत’ असा वाद चौकाचौकांत घातला जातो, पण सांगायचे कोणी, झाकायचे कोणी आणि कोणाच्या हितासाठी, हा प्रश्न मात्र विचारला जात नाही.

ज्या तानाजीचे नाव त्या आस्थापनेला दिले आहे, त्याच्यापासूनच सुरुवात करू. फेब्रुवारी १६७० मधील कोंढाण्याची मोहीम ही निवडक मावळ्यांची रात्रीची मोहीम होती. तिची कुणकुण वर गडावर लागली असती तर कड्यावर चढणारा एकही माणूस जिवंत राहता ना. गड घेईपर्यंत गुप्तता ही त्या माणसांची ढाल होती. पण गड हाती आल्यानंतर हीच मोहीम शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यात आली आणि गावोगावच्या जत्रांत लोकांनी ती ऐकली. त्या पोवाड्याने तानाजीचा मृत्यू लपवला नाही. जिंकलेल्या गडाबरोबरच गमावलेल्या माणसाचाही हिशेब लोकांसमोर मांडला. क्रम ध्यानात घ्यावा : आधी मौन, मग मोहीम, मग संपूर्ण हकीकत. शाहीर डफ घेऊन गडाच्या पायथ्याशी आधीच उभा नव्हता, आणि मोहिमेनंतर त्याच्या तोंडाला कोणी कुलूपही घातले नाही.

आपल्या काळात हा क्रम कसा उलटा झाला, हे मुंबईने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री शहरावर हल्ला झाला. नौदलाच्या मरीन कमांडोंची छोटी तुकडी ताजमध्ये शिरली आणि एनएसजीचे कमांडो दिल्लीहून निघाले. ते निघत आहेत, सुमारे २०० आहेत, ही माहिती तत्कालीन केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील यांनीच वृत्तवाहिन्यांना दिली. पुढचे तीन दिवस वाहिन्यांचे कॅमेरे ताज, ओबेरॉय आणि नरिमन हाऊसवर रोखलेले होते. २८ तारखेच्या सकाळी नरिमन हाऊसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून उतरणारे कमांडो साऱ्या जगाने त्याच क्षणी पाहिले. सीमेपलीकडे दूरध्वनी घेऊन बसलेले हल्लेखोरांचे सूत्रधारही तेच चित्र पाहत होते आणि आतल्या साथीदारांना सूचना देत होते. कसाब खटल्यात २९ ऑगस्ट २०१२ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने याची गंभीर दखल घेतली आणि अशा प्रक्षेपणाचे समर्थन अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या नावाने करता येणार नाही, असे बजावले. पुढे २०१५ मध्ये नियम झाला आणि अशा कारवाईच्या थेट प्रक्षेपणाला बंदी आली. तो नियम योग्यच आहे. चालू कारवाईत सैनिकाची जागा, संख्या आणि चाल उघड करणे म्हणजे त्याचा जीव बाजारात मांडणे होय. त्याला लोकांचा जाणण्याचा हक्क म्हणता येणार नाही.

परंतु त्याच रात्रीची दुसरी बाजूही आठवावी. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर विष्णू झेंडे हे रेल्वेचे उद्घोषक आपल्या खोलीत बसून ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांना कोणत्या दिशेने बाहेर पडावे हे सांगत राहिले आणि कित्येकांचे प्राण वाचले. तेथे जाहीर बोलणे हीच ढाल ठरली. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे हातातील लाठीनिशी कसाबला भिडले आणि त्याच्या गोळ्या अंगावर झेलून त्याला जिवंत पकडून देण्यास कारण झाले. हे दोघेही कोणत्याही खास दलातील नव्हते. टर्मिनसवर पन्नासहून अधिक माणसे मारली गेली. त्यांत गावी निघालेले मजूर होते, लहान मुले होती, स्त्रिया होत्या. हार्बर मार्गाने मानखुर्द-गोवंडीहून ज्या स्थानकावर आपले लोक रोज कामाला उतरतात, ते हेच स्थानक. पण कॅमेरे तीन दिवस पंचतारांकित हॉटेलांवरच खिळून राहिले. प्रसिद्धीलाही वर्ग असतो. कोणाचा मृत्यू देशाची शोकांतिका ठरायचा आणि कोणाचा केवळ आकडा, हे कॅमेऱ्याचे तोंड कोणीकडे वळते यावर ठरते.

हल्ला संपला. आता खरोखर बोलण्याची वेळ आली होती, आणि नेमके तेव्हाच राज्यकर्ते गप्प झाले. राज्य सरकारने नेमलेल्या राम प्रधान समितीने एप्रिल २००९ मध्ये अहवाल दिला. सुरक्षिततेचे कारण सांगून तो विधिमंडळापुढे ठेवण्याचे सरकारने टाळले. पुढे अहवालातील मजकूर वर्तमानपत्रांत फुटला आणि मगच, त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये, तो सभागृहात आला. हेमंत करकरे यांच्या अंगावर त्या रात्री असलेले चिलखती जाकीट कोठे गेले, याचा शोध त्यांच्या पत्नी कविता करकरे यांना माहितीच्या अधिकाराचा अर्ज करून घ्यावा लागला, आणि ते सापडत नाही असे उत्तर त्यांना मिळाले. जाकिटांच्या खरेदीची कागदपत्रेही काही काळ सापडत नव्हती. कमांडो किती आणि कधी निघाले, हे ज्या व्यवस्थेने शत्रूच्या कानावर जाऊ दिले, तिला आपल्या पोलिसाच्या छातीवर कोणत्या प्रतीचे जाकीट होते हे त्याच्या विधवेला सांगता आले नाही. झाकायचे ते उघडे टाकले आणि उघडायचे ते झाकले, असा हा सारा प्रकार आहे.

गुप्ततेचे खरे मोल समजून घ्यायचे तर एका मराठी अधिकाऱ्याची आठवण काढावी लागेल. १९७१ साली पूर्व बंगालमधून निसटून आलेल्या चारशेहून अधिक तरुणांना भारतीय नौदलाने प्लासीजवळ भागीरथीच्या काठी पाण्याखालून सुरुंग लावण्याचे शिक्षण दिले. ऑगस्टच्या मध्यात एकाच रात्री चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज येथे त्यांनी जहाजे उडवली. हल्ल्याची खूण म्हणून कलकत्ता आकाशवाणीवरून ठरलेली बंगाली गाणी लावण्यात आली. लाखो श्रोत्यांनी ती ऐकली, पण त्यांचा अर्थ फक्त त्या मूठभर तरुणांना कळला. या मोहिमेच्या प्रमुख सूत्रधारांपैकी एक होते मोहन नारायणराव सामंत. डिसेंबरमधील मोंगला-खुलना स्वारीसाठी त्यांना महावीर चक्र मिळाले, पण नौदल कमांडोंची ही कहाणी सविस्तरपणे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली ती २०१९ साली. त्याच वर्षी मार्च महिन्यात, पुस्तक हाती येण्यापूर्वीच, सामंत हे जग सोडून गेले होते. मोहीम चालू असताना ती गुप्त ठेवणे अत्यावश्यक होते. पण बांगलादेश स्वतंत्र झाल्यावर, तेथील सरकारने आपल्या नौकमांडोंना उघडपणे गौरवल्यावर, आपल्याकडे जवळजवळ अर्धशतक ती कोणत्या शत्रूपासून लपवली होती? अशा ठिकाणी गुप्तता ही निव्वळ सरकारी सवय बनते. फायलीवर एकदा ‘गोपनीय’ असा शिक्का बसला की तो काढण्याची जबाबदारी कोणाचीच नसते.

तिबेटी निर्वासितांच्या ‘स्पेशल फ्रंटियर फोर्स’ची कहाणी तर याहून कठोर आहे. १९६२ च्या चीन युद्धानंतर उभे केलेले हे दल १९७१ मध्ये चितगावच्या डोंगरी मुलखात लढले. सुमारे पन्नास जवान तेथे पडले. दलाचे अस्तित्वच कबूल करायचे नसल्यामुळे त्यांच्या वाट्याला जाहीर सन्मान आला नाही. पुढे ऑगस्ट २०२० मध्ये लडाखच्या सीमेवर याच दलाचे न्यिमा तेन्झिन सुरुंगाच्या स्फोटात मरण पावले. चीनशी तणाव शिगेला पोचला होता. लेहमधील त्यांच्या अंत्यविधीला सत्ताधारी पक्षाचे सरचिटणीस राम माधव उपस्थित राहिले, तिरंगा आणि तिबेटी ध्वज दोन्ही दिसले, छायाचित्रे जगभर गेली. राम माधव यांनी त्याविषयीचा आपला संदेश समाजमाध्यमावर टाकला आणि मग तो काढूनही टाकला. पन्नास वर्षे जे दल नव्हतेच, ते दोन दिवस होते, आणि पुन्हा नाहीसे झाले. येथे गुप्तता आणि प्रसिद्धी एकमेकींच्या विरोधात उभ्या नाहीत. एकाच नळाची ती उघडझाप आहे, आणि नळाची चावी सत्तेच्या हातात आहे. जवानाच्या कुटुंबाला विचारून ती फिरवली जात नाही.

२९ सप्टेंबर २०१६ रोजी नियंत्रण रेषेपलीकडच्या लक्ष्यभेदी हल्ल्यांची घोषणा लष्कराच्या महासंचालकांनी केली, तेव्हा ती मोजक्या शब्दांत केली होती. तेवढे सांगणे समर्थनीय होते. शेजारी राष्ट्राला आणि जगाला भूमिका कळवणे हा मुत्सद्देगिरीचाच भाग असतो. परंतु पुढे काय झाले? उत्तर प्रदेशच्या निवडणुकीआधी फलक लागले. जून २०१८ मध्ये कारवाईच्या चित्रफिती वाहिन्यांवर झळकल्या. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये ‘पराक्रम पर्व’ भरवले गेले आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने हा दिवस साजरा करण्याचे पत्र विद्यापीठांना धाडले. ज्या सेनाधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ही कारवाई झाली, ते निवृत्त लेफ्टनंट जनरल डी. एस. हुडा यांनीच डिसेंबर २०१८ मध्ये या गाजावाजाविषयी नापसंती व्यक्त केली. विरोधी बाकांवरील काँग्रेसनेही यापासून धडा घेतला नाही. मे २०१९ मध्ये तिने आपल्या राजवटीतील सहा हल्ल्यांची यादी जाहीर केली. एकाने जाहिरात केली म्हणून दुसऱ्याने जुन्या जाहिरातीचे कागद शोधून काढले. निवडणूक आयोगाने २०१३ मध्ये आणि पुन्हा मार्च २०१९ मध्ये जवानांची छायाचित्रे प्रचारात वापरू नयेत असे पक्षांना बजावले होते. कायद्याचे बळ नसलेल्या सूचनेचे जे व्हायचे तेच तिचे झाले.

यापेक्षाही गंभीर प्रकार ४ डिसेंबर २०२१ रोजी नागालँडमधील मोन जिल्ह्यात, ओटिंग गावाजवळ घडला. कोळशाच्या खाणीतून घरी परतणाऱ्या मजुरांच्या गाडीवर २१ पॅरा या विशेष दलाने गोळीबार केला. सहा मजूर मेले. मग जमलेल्या गावकऱ्यांशी चकमक होऊन आणखी सात गावकरी व एक जवान प्राणास मुकले. दुसऱ्या दिवशी मोन गावात आणखी एक नागरिक मारला गेला. गाडी थांबवण्याचा इशारा दिला असता ती पळू लागली, असे गृहमंत्र्यांनी संसदेत सांगितले. वाचलेल्या मजुराने ते नाकारले. राज्य पोलिसांच्या विशेष तपास पथकाने २०२२ मध्ये ३० सैनिकांवर आरोपपत्र ठेवले. २०२३ मध्ये केंद्राने खटल्यास मंजुरी नाकारली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरीअभावी सर्वोच्च न्यायालयाला ती कार्यवाही बंद करावी लागली. महाराष्ट्राने हे विसरू नये की २१ पॅरा ही मूळची मराठा लाइट इन्फन्ट्रीचीच पलटण. काश्मीरमध्ये २०१५ साली धारातीर्थी पडलेले साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक याच पलटणीत घडले. ज्या पलटणीच्या शौर्याचा आपल्याला अभिमान आहे, तिच्या हातून मजूर मारले गेले तर त्याचा जाब विचारण्याची जबाबदारीही आपल्यावरच अधिक येते.

याउलट ऑस्ट्रेलियाचे उदाहरण पाहावे. नोव्हेंबर २०२० मध्ये तेथील लष्कराच्याच महानिरीक्षकांच्या चौकशीचा ब्रेरेटन अहवाल प्रसिद्ध झाला. अफगाणिस्तानात ऑस्ट्रेलियन विशेष दलांनी ३९ निःशस्त्र माणसांची बेकायदा हत्या केल्याची विश्वसनीय माहिती असल्याचे त्यात नमूद होते. नावे आणि काही भाग झाकले होते, पण दोष झाकला नव्हता. तेथेही सारे आलबेल नाही. गोपनीय कागद पत्रकारांना देणारा लष्करी वकील डेव्हिड मॅक्ब्राइड याला २०२४ मध्ये तुरुंगात जावे लागले. तरीही एक गोष्ट सिद्ध झाली : सैनिकाचे नाव न सांगताही सैन्याचा हिशेब देता येतो. आपल्याकडे चित्र याच्या नेमके उलट आहे.

येथे एक प्रामाणिक आक्षेप येतो, आणि तो आपल्याच काही सहकाऱ्यांच्या तोंडून येतो म्हणून त्याला बगल देऊ नये. ते म्हणतात : जवान हा आपल्याच शेतकऱ्याचा, कामगाराचा मुलगा आहे. त्याच्या चुकांची चर्चा चव्हाट्यावर केली तर त्याचे मनोधैर्य खचेल, आणि सामान्य माणूस आपल्यापासून दूर जाईल. यातला पहिला भाग पूर्ण खरा आहे. पण तेवढ्याचसाठी हिशेब मागायचा असतो. हिशेब नसला की वरच्याची चूक खालच्याच्या अंगावर जाते. खबर चुकीची कोणी दिली, हुकूम कोणी काढला, जाकीट निकृष्ट कोणी घेतले, मदत उशिरा का पोचली, या प्रश्नांची उत्तरे गुलदस्त्यात राहिली तर त्यांचा त्रास मंत्र्यांना होत नाही. पुढच्या मोहिमेला जाणाऱ्या शिपायाला होतो. २६/११ चे अपयश उघड चर्चिले गेले म्हणूनच २००९ मध्ये मुंबईत एनएसजीचे केंद्र आले आणि राज्याने ‘फोर्स वन’ उभे केले. लोकांच्या संतापाचा रेटा नसता तर याही फायली कोठेतरी पडून राहिल्या असत्या. मनोधैर्य खचते ते खोटेपणामुळे. जवानाला ठाऊक असते काय घडले ते, आणि जाहीर सभेतील वर्णन त्याच्याशी जुळत नाही हेही त्यालाच प्रथम कळते.

आणखी एक गोष्ट. सुरक्षिततेच्या नावाने सांगितलेली बंधने सर्वांना सारखी लागू होत असतील असा कोणाचा समज असेल तर त्याने कुलाब्याची आदर्श इमारत आठवावी. संरक्षण क्षेत्राला लागून तेथे ३१ मजले उभे राहिले, राजकारणी, नोकरशहा आणि बडे लष्करी अधिकारी यांची नावे त्यात निघाली, आणि २०१० मध्ये मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावे लागले. कुंपणाशेजारच्या झोपडीतल्या माणसाने आत पाहू नये, पण सत्तेच्या जवळच्यांनी दिवाणखान्यातून खाली पाहावे, असा हा न्याय आहे.

तेव्हा आपली भूमिका काय असावी? ‘सारे उघड करा’ ही घोषणा बेजबाबदार आहे आणि ‘सारे झाका, सैन्यावर विश्वास ठेवा’ ही घोषणा लोकशाहीला मारक आहे. मोहीम चालू असेतो तिची जागा, वेळ, पद्धत आणि सैनिकांची ओळख यांविषयी कडक मौन, आणि ते मंत्र्यांनाही बंधनकारक. मोहीम संपल्यावर ठरावीक मुदतीत संसदेच्या लहान सर्वपक्षीय समितीपुढे, बंद दाराआड का होईना, संपूर्ण अहवाल. जेथे नागरिक मेला असेल तेथे खटल्याची मंजुरी नाकारताना लेखी आणि जाहीर कारणे. जुन्या युद्धांची कागदपत्रे साधारणपणे २५ वर्षांत खुली करावीत असे धोरण संरक्षण खात्याने जून २०२१ मध्ये जाहीर केले आहे. १९६३ चा हेंडरसन ब्रुक्स अहवाल मात्र गुप्तच राहिला आहे. ते धोरण कागदावरून उतरवून अमलात आणावे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २४ नुसार एनएसजी आणि स्पेशल फ्रंटियर फोर्स यांना सूट आहे, पण भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाच्या तक्रारी त्या सुटीतून वगळल्या आहेत. हे कार्यकर्त्यांनी पाठ करून ठेवावे. आणि सैनिकांचे चित्र, गणवेश व मोहिमांची नावे प्रचारात वापरण्यास सूचनेने नव्हे, तर कायद्याने बंदी असावी. ही बंदी आपल्या पक्षालाही लागू राहील, हे आपण आधी जाहीर करावे.

वस्त्यावस्त्यांत हे सांगणे सोपे नाही. फलकावरचा कमांडो दिसायला रुबाबदार असतो, आणि त्याच्याकडे बोट दाखवून प्रश्न विचारणारा माणूस पटकन देशद्रोही ठरवला जातो. पण मानखुर्दच्या माणसाला हिशेब कळतो. रेशनच्या दुकानात माप कमी पडले तर तो विचारतो, नळाला पाणी आले नाही तर विचारतो. त्याला आपण इतकेच सांगावे की सैन्य हे कोणा पुढाऱ्याच्या घरचे नाही, ते तुझ्या करातून आणि तुझ्या भावकीतल्या पोरांतून उभे राहिले आहे. त्या पोरांचा जीव वाचावा म्हणून जे झाकायचे ते झाकू या; पण त्यांच्या जिवाचे काय झाले, कोणामुळे झाले, हे विचारण्याचा हक्क तू कोणाकडेही गहाण टाकू नकोस. कुंपणावर लिहिलेले तानाजीचे नाव तरी त्याला हेच सांगते : गड घेईपर्यंत मौन, आणि त्यानंतर साऱ्या मुलुखासमोर खरा हिशेब.